गायरान कोण राखते आणि ते दुसऱ्या कामास कसे दिले जाते

प्रश्नकर्त्यांच्या गावातील गायरानाचा काही भाग सौरऊर्जा प्रकल्पासाठी देण्याचा प्रस्ताव तहसील कार्यालयाकडून ग्रामपंचायतीकडे अभिप्रायासाठी आला आहे. हे गायरान मुळात कोणी आणि कोणत्या अधिकाराने राखून ठेवले, ते दुसऱ्या प्रयोजनासाठी देण्याचा अधिकार कोणाचा, आणि ग्रामसभेने विरोध केल्यास त्या विरोधाला कायद्यात काही वजन आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. महसूल विभागात तहसीलदार आणि पुढे उपजिल्हाधिकारी म्हणून काम करताना माझ्या सेवेचा बराच काळ सरकारी जमिनींच्या प्रकरणांत गेला. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने उत्तर थोडे मुळापासून देतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जी जमीन कोणा व्यक्तीच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची असते. मात्र शासनाची म्हणजे शासनाला वाटेल तशी वापरण्याची, असा त्याचा अर्थ होत नाही, कारण लगेचच येणारे कलम २२ त्या मालकीला बांध घालते. भूमापन सुरू असताना भूमापन अधिकाऱ्याला आणि इतर वेळी जिल्हाधिकाऱ्यांना, कोणाच्याही कायदेशीर भोगवट्यात नसलेली सरकारी जमीन गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी, राखीव वनासाठी किंवा अन्य सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून ठेवता येते आणि अशी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामास वापरू नये, असे हे कलम सांगते. त्यापुढचे कलम २३ अधिक नेमके आहे: चराईचा हक्क ज्या गावासाठी जमीन राखली त्या गावच्या गुरांनाच आहे. म्हणजे जमीन शासनाची, पण तिचा उपयोग घेण्याचा हक्क गावाचा, अशी ही दुहेरी रचना आहे. गायरानावरील बहुतेक वाद या दोहोंपैकी एकाचा विसर पडल्यामुळे उभे राहतात.

ही रचना १९६६ मध्ये नव्याने जन्मली नाही. मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९ च्या कलम ३८ मध्ये जवळजवळ हीच तरतूद होती. दख्खनमध्ये एकोणिसाव्या शतकात भूमापन झाले, तेव्हा प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार (शेतसारा) ठरवून देताना काही नंबर आकारणीविना बाजूला काढले गेले, आणि पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक गायराने त्या काळातली आहेत. मराठवाड्यातील गायराने हैदराबाद संस्थानाच्या महसूल कायद्याखाली आली. पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत वसूल करण्याची पद्धत होती. १९५१ मध्ये मालगुजारांचे हक्क संपुष्टात आल्यावर गावाच्या चराईच्या, सरपणाच्या आणि स्मशानाच्या जागा निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या नोंदीत, लिहिल्या गेल्या. निस्तार पत्रक आजही संहितेच्या कलम १६१ खाली जिवंत दस्तऐवज आहे, आणि विदर्भातल्या गावाने गायरानाचा वाद लढताना सातबाराच्या आधी ते काढून पाहावे. प्रश्नकर्त्यांनी जिल्हा सांगितलेला नाही, म्हणून हा फरक येथे नमूद केला.

जमीन राखणे एका आदेशाने पुरे होत नाही, हे मला सर्वांत ठळकपणे सांगायचे आहे. आदेश निघतो, भूमी अभिलेख कार्यालय हद्द मोजून देते, गावदप्तरात नोंद होते आणि मग जमीन प्रत्यक्ष त्या कामास वापरली जाते. यांपैकी एक कडी जरी सुटली, तरी पुढच्या पिढीतला कोणी अधिकारी तीच जमीन मोकळी समजून दुसऱ्याला देऊन टाकतो. म्हणून गावाने आधी दप्तर पाहावे. ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना आपण आजवर तलाठी म्हणत आलो त्यांच्याकडे, गाव नमुना एक-ब ही बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही असते. तिच्यात गावातील प्रत्येक सरकारी गट, त्याचे क्षेत्र आणि तो कशासाठी राखला आहे, हे लिहिलेले असते. तिच्याशी सातबारा ताडून पाहावा. भोगवटादाराच्या जागी ‘सरकार’ आणि इतर हक्कांत ‘गुरचरण’ किंवा ‘गायरान’ असे लिहिलेले असेल तर बाजू भक्कम आहे. पण संगणकीकरणाच्या किंवा एकत्रीकरण योजनेत गट पाडण्याच्या वेळी इतर हक्कांतील ही एक ओळ गळून पडलेली आणि सातबारावर फक्त ‘सरकार’ उरलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. तसे झाले असेल तर जुना हस्तलिखित सातबारा, आकारफोड पत्रक (सर्व्हे नंबर फोडताना क्षेत्र व आकार वाटून दाखवणारा कागद) आणि मूळ राखीव ठेवल्याचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती काढून तहसीलदारांकडे नोंद दुरुस्तीचा अर्ज आधी करावा. प्रस्तावाला विरोध करण्यापूर्वीचे हे पहिले काम आहे, कारण नोंद नसलेल्या गायरानासाठी भांडणाऱ्या गावाला सिद्ध करण्याचा सगळा भार स्वतःच उचलावा लागतो.

नोंदीचे महत्त्व किती, हे पुण्याजवळच्या कोंढवा बुद्रुकच्या प्रकरणातून कळते. तेथील सर्व्हे नंबर २१ मधली जमीन १८७९ मध्ये राखीव वन म्हणून अधिसूचित झाली होती. पुढे काही थोडे क्षेत्र वगळले गेले, उरलेले राखीवच राहिले. ताबा आणि दप्तर मात्र महसूल विभागाकडे होते. १९९८ मध्ये त्या जमिनीपैकी सुमारे १२ हेक्टर शेतीसाठी म्हणून खासगी कुटुंबाला देण्यात आले आणि तेथून ते एका गृहनिर्माण संस्थेकडे गेले. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सगळा व्यवहार बेकायदेशीर ठरवला, जमीन वन विभागाला परत करण्यास सांगितले आणि महसूल विभागांच्या ताब्यातील अशी राखीव वनजमीन खासगी हातांत गेली आहे का, हे तपासण्यासाठी सर्व राज्यांना विशेष तपास पथके नेमण्यास फर्मावले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची अधिसूचना रद्द झाली नव्हती, म्हणून तीच शेवटी टिकली. पण मधल्या काळात ती कोणी समोर ठेवली असती, तर हा निवाडा करण्याची वेळच आली नसती.

त्यानंतर आठवड्याभरातच, २२ मे २०२५ रोजी, पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील ८६ हजारांहून अधिक हेक्टर जमीन दप्तरात झुडपी जंगल म्हणून लिहिलेली होती. मुळात ती बहुतांशी निस्ताराची, गुरे चारायची खुरटी रानजमीन होती. त्यावर गेल्या काही दशकांत शाळा, दवाखाने, सरकारी कार्यालये आणि वस्त्या उभ्या राहिल्या. न्यायालयाने ही जमीन वन मानली, मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी केलेल्या वाटपांना वन संवर्धन कायद्याखाली मंजुरी घेऊन नियमित करण्याची वाट ठेवली. १२ डिसेंबर १९९६ ही वनांविषयीच्या गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची तारीख आहे. जमिनीची मालकी कोणाकडेही असो, दप्तरात वन अशी नोंद असलेल्या सर्व जमिनींना वन संवर्धन कायदा त्या आदेशाने लागू केला. प्रश्नकर्त्यांच्या गायरानाचा एखादा भाग गाव नमुना एक-अ या वनजमिनींच्या नोंदवहीत आहे का, किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४ खाली (राखीव वन करण्याचा इरादा म्हणून) कधी अधिसूचित झाला होता का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून लेखी घ्यावे. तसे निघाल्यास केंद्र शासनाच्या मान्यतेविना जिल्हाधिकारी त्या भागाला हात लावू शकत नाहीत आणि निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

आता दुसरा प्रश्न, प्रयोजन बदलण्याचा. २०११ पूर्वी हे काम फारच सैलपणे चाले. शाळा, बाजार, पाण्याची टाकी, सहकारी संस्था, खासगी शिक्षणसंस्था, ज्याला जमीन हवी त्याची नजर पहिल्यांदा गायरानाकडे जाई, कारण तेथे संपादन करावे लागत नव्हते आणि मोबदल्यासाठी कोणी शेतकरी दारात उभा राहत नव्हता. २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबमधील एका गावच्या तळ्याच्या अतिक्रमणावरून ‘जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ हा निकाल आला आणि सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ चा निर्णय काढला. गायरान व्यक्ती, खासगी संस्था किंवा संघटनांना देऊ नये आणि सार्वजनिक प्रयोजनासाठीही दुसरी जमीन नसेल तरच त्याचा विचार व्हावा, असा त्याचा गाभा आहे.

हाच विचार पुढे संहितेत कलम २२-अ म्हणून आला आणि शासन निर्णयाचा कायदा झाला, ही गोष्ट गावाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. या कलमाने गायरान वळवणे, प्रदान करणे किंवा भाडेपट्ट्याने देणे हे मुळातच मना केले असून अपवाद दोनच ठेवले आहेत. केंद्र किंवा राज्य शासनाच्या अथवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या प्रकल्पाला गायरान देता येते, पण त्यासाठी योग्य अशी दुसरी सरकारी जमीन उपलब्ध नसली पाहिजे. खासगी प्रकल्पाला ते अटळपणे लागत असेल, तर प्रकल्पधारकाने त्याच्या बदल्यात दुप्पट क्षेत्राची जमीन शासनाला द्यावी आणि ती गायरान म्हणून राखली जावी. पहिल्या अपवादातील ‘दुसरी सरकारी जमीन उपलब्ध नाही’ ही अट प्रस्तावात एका छापील वाक्याने निकालात काढली जाते. माझा स्पष्ट सल्ला असा की, ग्रामसभेने सगळा जोर या अटीवर द्यावा. गाव नमुना एक-ब मधील मुलकीपड (कोणाला कसायला न दिलेले पडीक), आकारीपड (आकार थकल्याने सरकारजमा झालेले) आणि इतर मोकळ्या सरकारी गटांची यादी ग्रामसभेने स्वतः तयार करावी, शेजारच्या गावांतील अशा गटांचीही जोडावी आणि प्रत्येक गट का चालत नाही याचे कारण लेखी मागावे. खडकाळ, गवत न उगवणारा मुलकीपड गट जवळ असताना चराईचा गट देणे या कलमाखाली टिकत नाही.

सौर प्रकल्पाबाबत आणखी एक बारीक गोष्ट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांच्या जवळ छोटे प्रकल्प उभारले जातात आणि त्यासाठी सरकारी जमीन नाममात्र भाडेपट्ट्याने दिली जाते. रात्री बेरात्री विंचूकाट्याची पर्वा न करता मोटार सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, यात वाद नाही, आणि त्यामुळे या योजनेला आंधळा विरोध करू नये असे मला मनापासून वाटते. मात्र प्रस्तावात जमीन कोणाच्या नावे मागितली आहे ते पाहावे. मागणी शासकीय वीज कंपनीची असेल तर पहिल्या अपवादाची कसोटी लागते. थेट खासगी विकासकाला भाडेपट्टा द्यायचा असेल तर दुसऱ्या अपवादाची, म्हणजे बदल्यात दुप्पट जमीन देण्याची, कसोटी का लावू नये असा प्रश्न ग्रामसभेने विचारणे रास्त आहे. शिवाय प्रकल्प उपकेंद्राजवळ हवा, एवढ्याने तो गायरानातच हवा असे होत नाही. याच योजनेत खासगी जमीनमालकांकडूनही वार्षिक भाड्याने जमीन घेतली जाते.

प्रस्तावाची फाइल कशी तयार होते हे माहीत असले म्हणजे ती कुठे तपासायची ते कळते. अर्ज आला की तहसीलदार ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकाऱ्यांकडून स्थळपाहणी पंचनामा मागवतात. भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, वन विभागाचे म्हणणे, पशुसंवर्धन विभागाकडून गावातील जनावरांची संख्या, नगररचनाकडून मूल्यांकन आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडला जातो, हरकती मागवल्या जातात आणि उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. मूल्य आणि प्रयोजन पाहून निर्णय तेथे होतो किंवा प्रकरण विभागीय आयुक्त व शासनाकडे चढते. या सगळ्या कागदांत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक कागद म्हणजे पंचनामा. तो बहुधा मे महिन्यात होतो. मेमध्ये गायरान कसे दिसते? करडी, फुटलेली माती, मधूनमधून बाभळ, एखादे वाळलेले तरवडाचे झुडूप. पंचनाम्यात लिहिले जाते: ‘सदर जागा पडीक, ओसाड असून कोणाच्याही वापरात नाही.’ पुढे प्रत्येक टेबलावर हेच वाक्य उतरत जाते. मृगानंतर दीड-दोन महिन्यांनी त्याच जागी पवना आणि कुसळी गुडघाभर वाढलेली असते, पोळ्यापर्यंत गावचा कळप तेथेच असतो आणि दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेने निघालेले धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तळ, तेथे मुक्काम करतात. यातले काहीही फाइलीत येत नाही. म्हणून पंच म्हणून सही करणाऱ्या ग्रामस्थांनी वाचल्याशिवाय सही करू नये, जागेचा पावसाळ्यातील वापर पंचनाम्यात लिहून घ्यावा आणि पावसाळ्यातील तारखेची छायाचित्रे ठरावासोबत जोडावीत.

ग्रामसभेच्या विरोधाला किती वजन, हा तिसरा प्रश्न. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील (आदिवासी) क्षेत्र असेल तर पेसा या तेथील पंचायतींच्या कायद्याने ग्रामसभेचे स्थान बरेच बळकट आहे. इतरत्र ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक नाही, हे स्पष्ट सांगणे भाग आहे. गायरान ग्रामपंचायतीकडे निहित केलेले असले तरी शासनाला ते अटींनुसार परत घेता येते. पण ‘आमचा विरोध आहे’ एवढाच ठराव आणि जनावरांची संख्या, पाणवठ्याची वाट, पर्यायी गटांची यादी व कलम २२-अ चा उल्लेख असलेला ठराव यांत मोठे अंतर आहे. पहिला ठराव बाजूला ठेवता येतो. दुसऱ्याला आदेशात उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर न देता काढलेला आदेश अपिलात कच्चा ठरतो.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गायरान वाचवण्याच्या चर्चेत पहिला हल्ला बहुतेक वेळा गायरान कसणाऱ्या भूमिहीन कुटुंबांवर होतो. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन कसायला द्या, ही त्यांची मागणी होती. पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून शेतीसाठी असलेली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. मराठवाड्यात असे कितीतरी जण आजही नमुना एक-ई या अतिक्रमण नोंदवहीतील नोंद, दंडाच्या पावत्या आणि जुने पीकपाहणीचे उतारे जपून ठेवून नियमानुकूल होण्याची वाट पाहत आहेत. प्रस्तावित क्षेत्रात अशी कुटुंबे असतील तर त्यांची प्रकरणे आधी निकाली निघावीत, असा आग्रह ग्रामसभेने धरला पाहिजे. त्यांना अतिक्रमणधारक म्हणून हटवून मोकळी झालेली जमीन प्रकल्पाला देणे हा अन्याय आहे आणि गावाने त्याला साथ देऊ नये.

शेवटी जमीन दिलीच गेली, तरी गावाचे काम संपत नाही. प्रदानाच्या आदेशात अटी असतात: ठरावीक मुदतीत वापर सुरू करणे, त्याच प्रयोजनासाठी वापर करणे, परवानगीशिवाय हस्तांतर न करणे, शर्तभंग झाल्यास जमीन शासनजमा होणे. मात्र अंतिम आदेशाआधीच आगाऊ ताबा देण्याची पद्धत आहे आणि तिथेच घोळ होतो. ताबा घेणारी संस्था कुंपण घालते, अंतिम आदेश वर्षानुवर्षे निघत नाही, म्हणून अटीही लागू होत नाहीत आणि सातबारावर काहीच येत नाही. वीस वर्षांनी नवा तहसीलदार विचारतो तेव्हा हाती फक्त एक ताबा पावती असते. तेव्हा आगाऊ ताब्याला ग्रामसभेने लेखी हरकत घ्यावी, आणि आदेश झाल्यावर त्यातील प्रत्येक अट फेरफाराने इतर हक्कांत चढली की नाही हे पाहावे. उरलेल्या गायरानाची मोजणी करून हद्दीचे दगड त्याच वेळी लावून घ्यावेत, कारण प्रकल्पाच्या कुंपणालगतची पट्टी सर्वांत आधी खाल्ली जाते. जनावरांची वाट आणि पाणवठा कुंपणात जाणार नाही, ही अट आदेशातच असावी. नंतर विनंत्या करून ती मिळत नाही.

आदेश गावाच्या विरुद्ध गेला आणि तो जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतःच्या अधिकारात दिला असेल, तर संहितेच्या कलम २४७ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. त्याची मुदत ९० दिवसांची आहे, आणि आदेशाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज आदेश कळला त्याच दिवशी द्यावा. अपिलासोबत स्थगितीचा स्वतंत्र अर्ज जोडावा. आदेश शासनाच्या मंजुरीने झाला असल्यास मार्ग उच्च न्यायालयाचा आहे, आणि तेथे वर सांगितलेली पर्यायी गटांची यादी, दुरुस्त केलेली नोंद व कारणांसह केलेला ग्रामसभेचा ठराव हे तीन कागद सोबत असले पाहिजेत.